आधी इंग्रजी की आधी नेटवर्किंग?

वसईच्या होळी भागात, नालासोपाऱ्यात किंवा पालघरच्या आतल्या एखाद्या गावात मराठी माध्यमातून बारावी झालेली मुलं नेटवर्किंग शिकायचं ठरवतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न राउटरबद्दलचा नसतो. ती विचारतात, "आधी इंग्रजी पक्की करू, की आधी नेटवर्किंगला हात घालू?" घरचे बहुधा सांगतात, आधी इंग्रजी. मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लागतो, तिथे 'मी काल बाजारात गेलो होतो' अशा वाक्यांची भाषांतरं होतात. महिने जातात, आणि वायफाय बंद पडल्यावर स्क्रीनवर आलेली एक ओळ तरीही उलगडत नाही.

माझं मत असं की दोन्ही एकत्रच शिकावं. नेटवर्किंगमध्ये रोज भेटणारी इंग्रजी फार थोडी आहे आणि तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. शिवाय वाक्याचा अर्थ बरोबर लावला की नाही, हे तपासायला कुणाला विचारावं लागत नाही. अर्थ लावायचा, त्यानुसार एक चाचणी करायची, आणि समोरचं यंत्रच उत्तर देतं. आयटीआयच्या 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) अभ्यासक्रमात नेटवर्किंगचे धडे असतात आणि एम्प्लॉयॅबिलिटी स्किल्स या विषयात इंग्रजीही असते. पण मुलांच्या मनात ते दोन वेगळे तास राहतात. ते एकाच वहीत कसे आणता येतात, ते या प्रकरणात पाहू.

वसईच्या मुलांना नव्या भाषेचं भय वाटायचं काही कारण नाही. इथे घरात सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी-गुजराती हे सहज चालतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे बरेचसे शब्द ओळखीचेही असतात. अडतं ते दुसरीकडे. शब्द कळतो, पण त्याचं रूप काय सांगतंय ते कळत नाही.

१. पत्ता

नेटवर्क म्हणजे एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करू शकणारी, जोडलेली यंत्रं. देवाणघेवाण करायची तर प्रत्येकाला पत्ता हवा. तो आयपी अॅड्रेस. जुन्या आणि अजूनही सर्रास भेटणाऱ्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५.

पिनकोडची पद्धत माहीत असेल तर हा पत्ता लगेच समजतो. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे अभ्यासक श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. वसईचं पत्र ४०१२०१ या आकड्याने येतं. पहिला ४ पाहून देशाचा विभाग ठरतो, पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन थेट टपाल कार्यालय दाखवतात. ईशान्येकडच्या टपाल कर्मचाऱ्याला वसईतली होळी कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नाही. पुढचे आकडे पाहून तो पिशवी पश्चिमेकडे रवाना करतो. आयपी पत्त्याचेही असेच दोन भाग असतात. पुढचा भाग नेटवर्क सांगतो, मागचा भाग त्या नेटवर्कमधलं यंत्र. यंत्राला इथे होस्ट म्हणतात. वाटेवरचा राउटर पुढचा भाग पाहतो आणि पाकीट योग्य दिशेला ढकलतो. हे पाकीट म्हणजेच पॅकेट, आपल्या माहितीचा एक छोटा तुकडा, ज्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते असतात.

आता एक शंका येते. १९२.१६८.१.५ हा पत्ता तुमच्या घरात सापडतो, शेजाऱ्याच्याही घरात सापडतो. असं कसं? प्रत्येक चाळीत 'खोली नंबर २' असते, तसंच. चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात आणि जगाची लोकसंख्या त्याहून जास्त आहे. म्हणून काही पत्ते घरातल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. बाहेरच्या जगाशी तुमच्या घराच्या वतीने राउटर बोलतो, स्वतःचा बाहेरचा पत्ता वापरून. घरातून बाहेर पडायचं हे दार म्हणजे गेटवे. 'डिफॉल्ट गेटवे' मधल्या 'डिफॉल्ट' शब्दाचा अर्थ: दुसरं काही सांगितलं नसेल तर हेच धरायचं.

माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. नाव दिलं की त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. नावावरून पत्ता शोधण्याच्या क्रियेला 'रिझॉल्व्ह' हे क्रियापद वापरतात. 'द नेम डज नॉट रिझॉल्व्ह' म्हणजे नावाचा पत्ता सापडत नाही. हे क्रियापद वहीत टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

याच टप्प्यावर 'अ' आणि 'द' ही उपपदं शिकून घ्यावीत. मराठीत ती नाहीत, म्हणून आपण ती विसरतो किंवा कुठेही पेरतो. 'कनेक्ट टू अ राउटर' म्हणजे कुठल्याही एका राउटरला जोडा. 'रीस्टार्ट द राउटर' म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, तोच राउटर बंद करून पुन्हा चालू करा. दुकानात तीन राउटर असतील तर या दोन वाक्यांतला फरक कामाचा ठरतो. मदतपुस्तिका वाचताना पहिल्यांदा आलेल्या वस्तूला 'अ' आणि दुसऱ्यांदा आलेल्याला 'द' लागलेलं बहुतेक ठिकाणी दिसेल. दोन पानं वाचून दोन्हींखाली रेघ मारा, नियम पाठ करावा लागणार नाही.

२. 'ऑब्टेनिंग' आणि 'कनेक्टेड'

फोन वायफायला जोडताना कित्येक फोनवर एकामागून एक ओळी झळकतात: 'कनेक्टिंग', 'ऑथेंटिकेटिंग', 'ऑब्टेनिंग आयपी अॅड्रेस' आणि शेवटी 'कनेक्टेड'. पहिल्या तिन्हींतल्या क्रियापदाच्या शेवटी 'इंग' आहे, म्हणजे काम चालू आहे. शेवटच्याला 'एड' आहे, म्हणजे काम झालं आणि आता ती स्थिती आहे.

गाडी कुठल्या 'इंग'वर अडकली, त्यावरून बिघाडाची जागा कळते. 'ऑथेंटिकेट' म्हणजे तू तोच आहेस ना, याची खातरजमा करणं. तिथे अडकलं तर पासवर्ड तपासा. 'ऑब्टेन' म्हणजे मिळवणं. तिथे अडकलं तर पासवर्ड बरोबर आहे, पण राउटर पत्ता देत नाहीये. अशा वेळी पासवर्ड दहा वेळा टाकून उपयोग नाही, राउटर एकदा बंद करून चालू करणं जास्त शहाणपणाचं.

पत्ता देण्याचं हे काम डीएचसीपी नावाच्या नियमावलीने चालतं आणि त्यात चार संदेश असतात. चारही इंग्रजी क्रियापदं आहेत. फोन आधी 'डिस्कव्हर' म्हणतो: इथे पत्ता देणारं कुणी आहे का, शोधतोय. राउटर म्हणतो 'ऑफर': हा पत्ता देऊ करतो. फोन म्हणतो 'रिक्वेस्ट': तोच द्या, विनंती. राउटर शेवटी 'अॅक्नॉलेज' म्हणतो, म्हणजे पोच देतो, व्यवहार पक्का. या चार क्रियापदांची तिन्ही रूपं लिहून काढा. 'ऑफर'ला 'ऑफर्ड', 'रिक्वेस्ट'ला 'रिक्वेस्टेड', सगळी नियमित आहेत. मग पूर्ण वाक्यं करा: 'द राउटर ऑफर्ड अॅन अॅड्रेस. द फोन रिक्वेस्टेड इट.' भूतकाळाचा सराव झाला आणि डीएचसीपीही पाठ झालं.

पत्ता कायमचा मिळत नाही, काही मुदतीसाठी मिळतो. या मुदतीच्या कराराला 'लीज' म्हणतात. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'ऑल' असा आदेश दिला, की इतर ओळींमध्ये या दोन दिसतात: 'लीज ऑब्टेन्ड' आणि 'लीज एक्सपायर्स'. पहिलीपुढे होऊन गेलेली वेळ असते, दुसरीपुढे येणारी. गंमत दुसऱ्या ओळीत आहे. मुदत संपणार आहे उद्या, तरी क्रियापद 'विल एक्सपायर' नसून साधा वर्तमानकाळ आहे. वेळापत्रकाने ठरून गेलेल्या भविष्यातल्या गोष्टीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ चालतो, जसं 'द विरार ट्रेन लीव्हज अॅट सिक्स'. आपणही 'गाडी सहाला सुटते' असंच म्हणतो, त्यामुळे हा नियम मराठी माणसाला आयता येतो.

३. चार गेली, चार आली

नेटवर्क शिकणाऱ्याचं पहिलं हत्यार म्हणजे 'पिंग' हा आदेश. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी तो १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. पाणबुडी शोधताना सोनार यंत्र ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं, त्या आवाजावरून हे नाव पडलं. समोरच्या पत्त्याला एक छोटं पॅकेट पाठवायचं आणि परत येतं का, किती वेळात येतं, ते पाहायचं, इतकंच त्याचं काम.

विंडोज संगणकावर 'पिंग १९२.१६८.१.१' असं लिहून पाहा (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असला तर तो घ्या). उत्तर साधारण असं येईल: 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१, बाइट्स ३२, टाइम २ एमएस, टीटीएल ६४.' अशा चार ओळी आणि खाली गोषवारा: 'पॅकेट्स: सेंट ४, रिसीव्हड ४, लॉस्ट ०', आणि शेजारी कंसात '० टक्के लॉस'.

या गोषवाऱ्यात व्याकरणाचा एक अख्खा धडा आहे. सेंड, सेंट, सेंट. रिसीव्ह, रिसीव्हड, रिसीव्हड. लूज, लॉस्ट, लॉस्ट. एक नियमित आणि दोन अनियमित क्रियापदं, तिन्ही तिसऱ्या रूपात, कारण पॅकेटं पाठवली गेली, मिळाली, हरवली. आणि लगेच पुढे 'लॉस', जे नाम आहे. 'लॉस्ट' आणि 'लॉस' यांची अदलाबदल मुलाखतीतही होते. 'द पॅकेट इज लॉस' चूक. 'द पॅकेट इज लॉस्ट' किंवा 'देअर इज पॅकेट लॉस' बरोबर. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून घ्या.

'टाइम' पुढचा आकडा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत असतो. तो जायला आणि यायला मिळून लागलेला वेळ आहे. एक हिशोब करू. काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समोरचं यंत्र केबलच्या वाटेने १०,००० किलोमीटरवर असेल तर एका फेरीला ५० मिलिसेकंद, जाऊन-येऊन १००. म्हणून इतक्या दूरच्या यंत्राचा पिंग १०० च्या खाली येऊच शकत नाही, तुम्ही कितीही महागडं कनेक्शन घ्या. उलट पन्नास किलोमीटरवरच्या मुंबईतल्या यंत्राला तंतूतला प्रवास जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद लागतो. तिथला आकडा मोठा दिसला तर अंतराला दोष देता येत नाही, वाटेतली यंत्रं किंवा तुमचं वायफाय तपासायला हवं.

'टीटीएल' म्हणजे 'टाइम टू लिव्ह', जगायला दिलेली मुदत. नाव वेळेचं असलं तरी प्रत्यक्षात तो मोजणीचा आकडा आहे. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्यावर आलेलं पॅकेट टाकून देतो. नाहीतर वाट चुकलेली पॅकेटं कायमची फिरत राहिली असती. 'टू लिव्ह' ही रचना इंग्रजीत पावलोपावली भेटते: 'टाइम टू वेट', 'पोर्ट टू युज', 'अॅड्रेस टू ब्लॉक'. नामापुढे 'टू' आणि क्रियापदाचं मूळ रूप आलं, की मराठीत 'करायचा', 'द्यायची', 'वापरायचं' असं वाचावं.

४. नाही म्हणाला, की बोललाच नाही?

आपल्याकडे एकच वाक्य आहे: "नेट गेलंय." केबल तुटली तरी नेट गेलं, पासवर्ड चुकला तरी नेट गेलं, समोरची साइट बंद असली तरी नेटच गेलं. स्क्रीनवरचा इंग्रजी संदेश मात्र या बिघाडांना वेगवेगळी वाक्यं देतो. ती वेगळी ओळखणं म्हणजेच अर्धं नेटवर्किंग, असं मी मानतो.

ब्राउझर कधी सांगतो, साइटने 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट'. 'रिफ्यूज' म्हणजे नकार देणं. नकार द्यायला समोर कुणीतरी हजर असावं लागतं. म्हणजे तुमचं पॅकेट पोहोचलं, समोरचं यंत्र जिवंत आहे, त्याने उत्तरही दिलं, आणि ते उत्तर 'नाही' असं आहे. बहुधा त्या यंत्रावर हवी ती सेवा सुरूच नसते. अशा वेळी घरातली वायर हलवत बसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वेळी दिसतं 'टूक टू लाँग टू रिस्पॉन्ड'. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंग करताना याचंच भावंड दिसतं, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. इथे नकार नाही, होकारही नाही. ठरलेली वेळ वाट पाहिली, काही आलं नाही. पॅकेट वाटेत हरवलं असेल, समोरचं यंत्र बंद असेल, किंवा मध्ये बसलेल्या फायरवॉलने, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारा-यंत्रणेने, उत्तर न देता ते टाकून दिलं असेल. तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

'टूक टू लाँग टू रिस्पॉन्ड' पाहून दहावीच्या परीक्षेतला 'रिमूव्ह टू' (प्रमाणाबाहेर या अर्थाचा 'टू') हा प्रश्न आठवेल. तिथला नियम असा: 'द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट' म्हणजे पेटी इतकी जड आहे की उचलता येत नाही. हाच साचा इथे आंधळेपणाने लावला तर 'इतका वेळ लागला की उत्तर देता आलं नाही' असा अर्थ निघेल, आणि तो चुकीचा आहे. इथे 'टू रिस्पॉन्ड' हे 'टूक' या क्रियापदाशी जोडलेलं आहे: उत्तर द्यायला वेळ लागला, आणि तो प्रमाणाबाहेर होता. वाट पाहणं सोडून दिलं ते ब्राउझरने. सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारं समोरचं यंत्र, कदाचित अजून कामच करत असेल. मोडकी साइट आणि संथ साइट यांतला हा फरक आहे, आणि तो वाक्यरचनेत दडलेला आहे.

तिसरा संदेश: 'पिंग रिक्वेस्ट कुड नॉट फाइंड होस्ट', पुढे तुम्ही लिहिलेलं नाव, आणि मग 'प्लीज चेक द नेम अँड ट्राय अगेन'. 'फाइंड' म्हणजे शोधून काढणं, म्हणजे गाडी नावाचा पत्ता शोधण्याच्या टप्प्यावरच थांबली, पॅकेट निघालंच नाही. स्पेलिंग पाहा. ते बरोबर असेल तर नावाऐवजी '८.८.८.८' या आकडी पत्त्याला पिंग करा. तो गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. तिथून उत्तर आलं तर इंटरनेट चालू आहे, घोटाळा फक्त नावं शोधण्यात आहे.

चौथा फसवा आहे: 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. 'अनरीचेबल'चे तीन तुकडे करा. 'रीच' पोहोचणं, 'एबल' शक्य, 'अन' नाही. पोहोचण्यास अशक्य. हे तीन तुकडे कळले की 'अनअव्हेलेबल', 'अनयुजेबल' आपोआप सुटतात. आता त्याच ओळीची सुरुवात नीट वाचा. 'रिप्लाय फ्रॉम' नंतर बरेचदा तुमच्याच संगणकाचा पत्ता असतो! म्हणजे समोरून उत्तर आलेलं नाही, तुमचंच यंत्र सांगतंय की वाट सापडली नाही. विंडोज खालच्या गोषवाऱ्यात मात्र हे 'रिसीव्हड' मध्येच मोजतं आणि 'लॉस्ट ०' असं दाखवतं. नुसते आकडे पाहणारा म्हणेल, सगळं ठीक आहे. वाक्य वाचणारा फसणार नाही.

५. मस्ट, शुड, मे

इंटरनेटचे नियम 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे आरएफसी, या नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात. पहिला दस्तऐवज स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने एप्रिल १९६९ मध्ये लिहिला. नावच 'मतं मागवणारी विनंती', त्यामुळे आदेश दिल्याचा सूर नव्हता. पुढे यंत्रं लाखोंनी वाढली आणि कुठलं वाक्य बंधनकारक आणि कुठलं ऐच्छिक, यावर वाद होऊ लागले. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी २११९ क्रमांकाचा एक छोटा आरएफसी लिहून सहायक क्रियापदांचे अर्थच ठरवून टाकले. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे. 'शुड' म्हणजे करावं, सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम समजून. 'मे' म्हणजे वाटलं तर करा. २०१७ मध्ये आणखी एक खुलासा आला, की हे शब्द सगळे कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच हा खास अर्थ घ्यायचा.

शाळेत आपण 'शुड' आणि 'मस्ट' दोन्हींचं भाषांतर 'पाहिजे' असं करून मोकळे होतो. राउटरच्या पुस्तिकेत 'यू शुड चेंज द पासवर्ड' आणि 'यू मस्ट चेंज द पासवर्ड' यांतला फरक मग कळत नाही.

६. तक्रार लिहिताना

वाचता आलं, आता लिहायचं. कनेक्शन देणाऱ्याला ईमेल करताना आपण सर्रास लिहितो, 'द इंटरनेट इज नॉट वर्किंग सिन्स मॉर्निंग.' मराठीत 'सकाळपासून चालत नाही' असं वर्तमानकाळात बोलतो, म्हणून ही चूक होते. इंग्रजीत मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेली गोष्ट 'हॅज बीन' मागते: 'हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स मॉर्निंग.' दुसरी अडचण 'पासून' या शब्दाची. आपण 'नऊपासून' म्हणतो आणि 'दोन तासांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', लोटलेला काळ असेल तर 'फॉर'. 'सिन्स नाइन', पण 'फॉर टू अवर्स'.

एक नमुना असा लिहिता येईल: 'द इंटरनेट अॅट माय शॉप हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स ९ ए. एम. द फोन इज कनेक्टेड टू द वायफाय, बट इट शोज नो इंटरनेट. आय कॅन पिंग द राउटर, बट आय कॅनॉट पिंग ८.८.८.८. आय हॅव रीस्टार्टेड द राउटर ट्वाइस. प्लीज चेक द लाइन.'

पहिल्या वाक्यात केव्हापासून, दुसऱ्यात काय दिसतंय, तिसऱ्यात चाचणी. तिसरं वाक्य सर्वांत मोलाचं. राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, बिघाड त्याच्या पलीकडे आहे, हे ते एका ओळीत सिद्ध करतं. चौथ्यात 'आय हॅव रीस्टार्टेड' आहे, कारण नेमकी वेळ सांगितलेली नाही आणि त्या कृतीचा संबंध आत्ताशी आहे. वेळ घालायची असेल तर 'हॅव' काढा: 'आय रीस्टार्टेड द राउटर अॅट १०.' शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहू नका. काय करायला हवं ते तुम्हाला चाचणीतून कळलं आहे, तेच मागा.

आता हाच मजकूर दुसऱ्या बिघाडासाठी बदलून पाहा. समजा ८.८.८.८ ला पिंग जातो, पण एकही साइट नावाने उघडत नाही. मग तिसरं वाक्य होईल 'आय कॅन पिंग ८.८.८.८, बट द नेम्स डू नॉट रिझॉल्व्ह', आणि शेवटचं 'प्लीज चेक युअर डीएनएस सर्व्हर'. दुसऱ्या वाक्यातलं 'नो इंटरनेट' राहू द्यावं का, हे फोनवर प्रत्यक्ष काय दिसतंय ते पाहून ठरवा.